समुद्रात जायचे कपडे

म्हैसुरात सगळं जग सुट्टीला यायचं. उन्हाळा लागला की राजवाड्यासमोर, प्राणिसंग्रहालयाच्या फाटकापाशी, टांग्यांच्या अड्ड्यावर बाहेरगावच्या माणसांची नुसती झुंबड. आमच्या घरातलं मात्र कुणी सुट्टीला कुठे गेल्याचं मी लहानपणी कधी ऐकलं नव्हतं. आम्ही शिंपी. लोकांची सुट्टी म्हणजे आमचा हंगाम. मे महिन्यात शाळांचे युनिफॉर्म, दसऱ्याच्या आधी नवे कपडे, मग दिवाळी, मग लग्नसराई. शेजारपाजारची मुलं उटीला जाऊन यायची, स्वेटर घालून काढलेले फोटो दाखवायची, आणि मी ते फोटो काजं करता करता बघायची.

दुकान घरातच होतं, पुढच्या दोन खोल्यांत. उजवीकडे अप्पा बसायचे, त्यांच्याकडे शर्ट, पँट, कोट. डावीकडे आत्या. ती अप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, ती माहेरी परत आली, आणि आली त्याच आठवड्यात आजोबांच्या पायमशीनवर बसली. तेव्हापासून बायकांचे सगळे कपडे तिच्याकडे. आई दोघांच्या मधे, म्हणजे खरं तर स्वयंपाकघरात, पण हुक लावायला, हेम घालायला, गिऱ्हाइकांना पाणी द्यायला सारखी पुढे यायची. आई बन्नूरची. ऊस आणि भाताचं गाव, म्हैसुराहून बसनं जाता येतं इतकं जवळ. तरी लग्न होऊन आली ती जणू लांबच्या देशातून आल्यासारखी माहेराबद्दल गप्पच असायची. आम्ही घरी मराठीच बोलायचो, पण एका वाक्यात निम्मे शब्द कन्नड, आणि रागावताना पूर्णच कन्नड.

मी पाचवीत होते त्या वर्षी एप्रिलमध्ये एक चमत्कार झाला. परीक्षा संपल्या होत्या, युनिफॉर्मच्या कापडाची ठाणं अजून यायची होती, आणि एका लग्नाची मोठी ऑर्डर मुहूर्त पुढे गेल्यामुळे थांबली. अप्पा दिवसभर कात्रीला तेल देत बसले. संध्याकाळी म्हणाले, “उडुपीला जाऊन येऊया. देवदर्शन होईल.”

“आणि समुद्र?” माझ्या धाकट्या भावानं विचारलं.

“तिथंच असतो तो. दिसला तर बघू.”

ओळखीच्या एका ड्रायव्हरची मॅटाडोर ठरवली. मडिकेरीचा घाट उतरताना भाऊ दोनदा ओकला, आत्यानं त्याला लिंबू हुंगवलं, आणि मंगळूर मागे टाकून आम्ही एकदाचे उडुपीला पोचलो. दर्शन झालं, देवळात पंगतीला जेवलो, आणि दुपार उतरल्यावर ड्रायव्हरनं आम्हाला मल्पेला नेलं.

समुद्र पहिल्यांदा बघितल्यावर काय वाटलं असं मला पुष्कळांनी विचारलंय. मला आठवतो तो सुकत्या मासळीचा वास आणि भावाचं नाक धरून उभं राहणं. पाणी नंतर दिसलं. आईला मात्र आधी पाणीच दिसलं असणार. ती गाडीतून उतरली आणि सरळ चालायला लागली. निऱ्या जरा वर खोचल्या, घोट्यापर्यंत गेली, गुडघ्यापर्यंत गेली.

“पुरे गं!” अप्पा मागून म्हणाले.

तेवढ्यात एक लाट आली. तशी काही मोठी नव्हती, आजूबाजूची पोरं तिच्यावरून उड्या मारत होती. पण लाट मागे फिरली तशी आईची साडी फुगली, मग पायांभोवती गुंडाळली गेली, आणि आई आडवी पडली. पुढची लाट तिच्यावरून गेली. अप्पा चपलांसकट धावले, मागोमाग ड्रायव्हर. दोघांनी दंड धरून तिला ओढून आणलं. अप्पांची एक चप्पल गेली ती गेलीच. आई खोकत होती, केसांत वाळू, पदर कुठल्या कुठे. आत्यानं आपली शाल तिच्याभोवती टाकली. चार लोक जमले, कुणी शहाळं आणून दिलं.

श्वास जागेवर आल्यावर आई म्हणाली, “मला पोहता येतं हो.”

अप्पा एका पायात चप्पल घालून उभे होते. “पोहता येतं म्हणे! गुडघाभर पाण्यात बुडत होतीस.”

“मी नाही बुडले. साडीनं पाडलं.”

“सुम्मने बस आता,” अप्पा म्हणाले. म्हणजे उगाच बोलू नकोस. परतीच्या वाटेवर हा विषय पुन्हा निघाला नाही. पण आत्या गाडीत आईकडे अधूनमधून बघत होती. अंगावर न बसणाऱ्या ब्लाउजकडे ती बघायची, तशी.

घरी आल्यावर काही दिवसांनी, मी काजं करत होते तेव्हा, आत्यानं मशीन थांबवलं आणि आईला हाक मारली. “तुला खरंच पोहता येतं?”

आई दारातच उभी राहिली. “येतं वन्सं. म्हणजे यायचं.”

“कुठं शिकलीस?”

मग आईनं सांगितलं. बन्नूरला घराच्या मागं कालवा होता. उन्हाळ्यात पाणी सोडलं की दुपारी, मोठी माणसं झोपली की, ती आणि तिच्या मामेबहिणी परकराचा काचा मारून पुलावरून उड्या टाकायच्या. प्रवाहाबरोबर पार पुढच्या वळणापर्यंत जायच्या आणि उसाच्या बांधावरून पळत परत यायच्या. न्हाणं आलं तेव्हा आजीनं बंद केलं. “पण दुसऱ्या उन्हाळ्यात मी परत गेले,” आई म्हणाली, “आणि मार खाल्ला. मग लग्नच ठरलं.”

हे सगळं सांगताना ती हसत होती. माझी आई पुलावरून उडी मारायची, ही गोष्ट मला कळत होती आणि पटत नव्हती. आत्या मात्र हसली नाही. तिनं गळ्यातला टेप काढला आणि म्हणाली, “इकडे ये. हात वर कर.”

“कशाला?”

“कर तर.”

अशी सुरुवात झाली. आत्यानं पोहायचे कपडे आयुष्यात बघितले नव्हते. साप्ताहिकांच्या पानांवर कधी एखाद्या नटीचे दिसायचे, पण ते तिच्या हिशेबात कपडे नव्हतेच. तिनं विचार केला तो शिंप्याचा. पाण्यात काय होतं? सुती कापड अंगाला चिकटतं आणि आरपार दिसतं. रेशमाचा प्रश्नच नाही. घेर असला की पाणी भरतं. तेव्हा कापड जाड नको पण गच्च विणीचं हवं, रंग गडद हवा, घेर नको, आणि पाय मोकळे हवेत.

असं कापड घरात होतं. एका शाळेनं युनिफॉर्मचा रंग अचानक बदलून निळा केला होता, आणि आधीच्या बॉटल ग्रीन टेरिकॉटचं एक अख्खं ठाण अप्पांच्या गळ्यात पडलं होतं. ते कपाटाच्या वर धूळ खात होतं. अप्पांना ते दिसलं की त्यांचं डोकं दुखायचं. आत्यानं ते एका दुपारी खाली उतरवलं.

पहिला नमुना झाला तो गुडघ्याखालपर्यंत येणारा झगा. त्याची परीक्षा आमच्या परसातल्या हौदात झाली. भावाला दारात पहारा द्यायला बसवलं, अप्पा बाजारात गेले होते, आणि आई झगा घालून हौदात उतरली. उतरल्याबरोबर झगा छत्रीसारखा उघडून वर आला आणि आईचं तोंड दिसेना. आत्या इतकी हसली की तिला हौदाच्या कठड्यावर बसावं लागलं. “हा बाद,” ती डोळे पुसत म्हणाली. दुसऱ्या नमुन्याच्या कडेला तिनं पडद्याला लावतात तसली वजनं शिवली. तो वर आला नाही, पण आई म्हणाली, “वन्सं, हे मला खाली ओढतंय. बुडवायचं ठरवलंय का?”

तिसरा जमला. पोटरीपर्यंतचा पायजमा, खाली जरा अरुंद, कमरेला नाडी. वर कुडता, नितंब झाकेल इतका लांब, दोन्ही बाजूंना वरपर्यंत चिरा, म्हणजे पाणी आत आलं तरी बाहेर पडेल. छातीवर दुहेरी कापड. बाह्या कोपरापर्यंत, पण काखेत चौकोनी तुकडा घालून सैल केलेल्या. “हात वरून फिरवता आला पाहिजे ना,” आत्या म्हणाली. तिला पोहण्यातलं काही कळत नव्हतं. तिनं आईला खोलीच्या मधोमध उभं करून हवेत पोहायला लावलं होतं आणि शिवण कुठं ताणते ते बघितलं होतं.

एक आईला झाला तसा आत्यानं एक स्वतःला शिवला, एक मला. ठाण संपेना म्हणून भावाला चड्डी आणि बंडी. पुढच्या एप्रिलमध्ये अप्पांनी ते चारही कपडे इस्त्रीच्या टेबलावर एकावर एक रचलेले बघितले.

“हे कुठल्या शाळेचं?”

“समुद्राच्या,” आत्या म्हणाली.

अप्पांना कळायला वेळ लागला. कळल्यावर ते खुर्चीत बसले. “अक्का, लोक काय म्हणतील?”

“मागच्या वर्षी लोकांसमोर तुझ्या बायकोचा पदर सुटला होता, तेव्हा लोक काय म्हणाले?”

अप्पांनी आईचा कुडता उचलला, उलटा केला, काखेतला तो चौकोनी तुकडा बोटानं चाचपला. त्यांचा कोटांचा हात होता, त्यांना काम कळायचं. “शिलाई तरी दुहेरी आहे,” एवढंच म्हणाले. आम्ही तो होकार धरला.

पुन्हा तीच मॅटाडोर, तोच ड्रायव्हर. या वेळी मल्पेला आम्ही सकाळीच पोचलो. साड्यांच्या आत हिरवे कपडे घालून आई आणि आत्या तयार होत्या. अप्पा आधी उतरले, किनाऱ्यावर नजर टाकली, आणि तसेच उलटे गाडीत चढले.

“चल, चल. पुढं चल.”

“काय झालं?” आत्यानं विचारलं.

“हेडमास्तर!”

ज्यांच्या शाळेचं ते बॉटल ग्रीन, ते हेडमास्तर सहकुटुंब वाळूत चणे खात बसले होते. एवढा मोठा किनारा, आणि नेमके तेच. आत्या म्हणाली त्यांना काय फरक पडतो, त्यांनी तर रंग सोडलाय. पण अप्पांना कल्पनाच सोसेना. ड्रायव्हरनं गाडी उत्तरेकडे वळवली.

मरवंतेला रस्त्याच्या एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे गाडी जाईल एवढीच जमीन. आम्ही या खिडकीतून त्या खिडकीकडे पळत होतो. भाऊ ओरडून सांगत होता की हा गोडा आणि हा खारा. तिथं थांबलो, पण शहाळी विकणाऱ्या एका म्हाताऱ्यानं हातानंच नाही नाही म्हटलं. किनारा लगेच खोल आहे, लाट पायाखालची वाळू काढून नेते, बायकामुलांनी उतरू नये. अप्पांना हे ऐकून इतकं बरं वाटलं की त्यांनी सगळ्यांना दोन दोन शहाळी पाजली.

मुर्डेश्वरला देवळात गर्दी होती. आत्यानं नमस्कार केला आणि म्हणाली, देवाच्या दारात नको. गोकर्णाला पोचेस्तोवर ऊन इतकं झालं की वाळूवर पाय ठेववेना. नुसतं दर्शन घेऊन निघालो. अप्पा आता मजेत होते. त्यांना वाटत होतं समुद्र असाच खिडकीतून संपेल. आई खिडकीच्या दांडीवर हनुवटी टेकून पाण्याकडे बघत होती, आणि घामानं तिची साडी पाठीला चिकटली होती, कारण आत ते टेरिकॉट होतं.

संध्याकाळी कारवारला आलो. तिथून पुढं गोवा, आणि ड्रायव्हरकडे गोव्याचं परमिट नव्हतं. म्हणजे कारवार हा आमचा शेवटचा समुद्र.

किनाऱ्याजवळ एका बाईंनी घरातच खानावळ चालवली होती, माडीवर दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या. त्यांनी आम्हाला आपसात बोलताना ऐकलं आणि मराठीत विचारलं, “तुम्ही कुठले हो?”

“म्हैसूरचे,” आई म्हणाली. “पण मराठीच. घरी मराठीच मातनाडतो.”

बाई थबकल्या. “काय करता?”

“मातनाडतो. बोलतो.”

“अशी मराठी मी जन्मात ऐकली नाही,” त्या म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. आत्या माळकरी, आम्ही कुणीच मासे खात नव्हतो. कारवारला येऊन मासे खात नाही, याचं त्यांना आमच्या मराठीपेक्षा जास्त आश्चर्य वाटलं. तरी त्यांनी फणसाची भाजी केली, सोलकढी केली, आणि वाढता वाढता विचारलं, “सकाळी समुद्रावर जाणार? इथलं पाणी शांत असतं. डोंगर आडवे आहेत ना.”

आईनं आत्याकडे बघितलं. अप्पांनी सोलकढीच्या वाटीत बघितलं.

सकाळी सुरूच्या झाडांमधून आम्ही किनाऱ्यावर उतरलो. खाडीसारखा वळलेला किनारा, समोर बेटं, आणि लाटा लहान, थकल्यासारख्या. लांब काही कोळी होडीपाशी जाळं दुरुस्त करत होते. आईनं आणि आत्यानं साड्या सोडल्या, घड्या घातल्या. आता त्या ठेवायच्या कुठं? वाऱ्यानं उडतील. अप्पा पुढं आले, साड्या घेतल्या, वाळूवर ठेवल्या आणि त्यांच्यावर बसले.

आम्ही चौघं बॉटल ग्रीन. एका कोळ्यानं मान वर करून ड्रायव्हरला विचारलं की ही कुठली शाळा आहे. ड्रायव्हर म्हणाला, म्हैसूरची.

आई पाण्यापाशी गेली, वाकली, हात बुडवून कपाळाला लावला. मग चालत गेली, कमरेपर्यंत. एक लाट आली तशी ती खाली बसली. नाहीशीच झाली. अप्पा साड्यांवरून उठले. लाट फुटून आमच्या पायांशी आली, आणि तिच्या पलीकडे आईचं डोकं वर आलं. केस चपटे बसलेले, तोंड चमकत होतं. तिनं एकदा आमच्याकडे बघितलं आणि वळून पोहायला लागली.

मला वाटलं होतं ती घाबरत घाबरत पोहेल. ती चक्क निघालीच. एक हात, दुसरा हात, डोकं बाजूला, सरळ बेटांच्या दिशेनं.

“अगं!” अप्पा ओरडले. “पुरे! साकू! साकू!” घाबरून पुरेचंही कन्नड झालं होतं. ते पाण्याच्या कडेपर्यंत धावले. ती आडवी वळली तसे तेही वळले. धोतर एका हातात, दुसरा हात हवेत. आत्या ओरडली, “अरे, साड्या!” तेव्हा ते परत साड्यांकडे धावले, त्या काखेत मारल्या आणि पुन्हा पाण्याकडे. ड्रायव्हर त्यांच्यामागं गेला आणि म्हणाला, “सार, बिडी सार.” म्हणजे राहू द्या हो. “बाईंना येतंय. बघा की.” जाळंवाले हात थांबवून बघत होते. त्यांच्यातला एक म्हातारा कोकणीत काही म्हणाला आणि बाकीचे हसले. खानावळवाल्या बाई तेवढ्यात नारळ घेऊन आल्या होत्या, त्यांनी आम्हाला सांगितलं, “म्हणतोय, ही बाई होडीवर घ्यायला हरकत नाही.”

अप्पांनी ते ऐकलं. ते थांबले. धाप लागली होती. मग त्यांनी त्या म्हाताऱ्याकडे बघून मान डोलावली, जणू त्यांनीच तिला शिकवलं होतं.

आई परत आली तेव्हा पाणी तिच्या खांद्यांवरून निथळत होतं आणि शिवणीचा एक टाकाही उसवला नव्हता. ती अप्पांसमोर उभी राहिली. “अहो, हे पाणी उचलतं. कालव्याचं पाणी ओढतं, आपण सारखं झगडायचं. हे खालून हात लावल्यासारखं वर धरतं. मला माहीतच नव्हतं.”

“दमलीस का?” अप्पांनी विचारलं.

“नाही. परत जाऊ?”

“पण आडवी जा. तिकडं नको. मला दिसेल अशी जा.”

त्या सकाळी आई कितीतरी वेळा गेली आणि आली. मग ती आत्याकडे आली. आत्या घोट्यापर्यंत पाण्यात उभी होती. गिऱ्हाइकांना, अप्पांना, कापडवाल्यांना कुणालाच न भिणारी आमची आत्या, पण लाट आली की दोन पावलं मागं सरायची.

“चला वन्सं.”

“मी बघते इथून.”

“शिवलाय ना स्वतःला? मग?”

आत्यानं आईचा हात धरला. दोन्ही हातांनी, मनगट पांढरं पडेल इतका घट्ट. त्या दोघी हळूहळू पोटापर्यंत गेल्या. आईनं तिच्या पाठीखाली हात घातला आणि म्हणाली, “मान सोडा. पाय सोडा. बघा आकाशाकडं. मी धरलंय.” आत्याचं तोंड आधी असं झालं होतं की मला रडू येईल असं वाटलं. मग ते मोकळं झालं. तिचा हिरवा कुडता बाजूंनी पंखांसारखा पसरला, चिरांमधून पाणी आत बाहेर होत राहिलं. डोळे मिटून ती पाण्यावर पडून होती. तिला असं काही न करता पडून राहिलेलं मी कधीच बघितलं नव्हतं. घरी ती झोपायचीसुद्धा कुशीवर, उद्याची कटिंग मनात करत.

“सोडू?” आईनं विचारलं.

“सोडलंस तर मारीन.”

पण आईनं हात केव्हाच काढला होता. ते आम्हाला किनाऱ्यावरून दिसत होतं. आत्याला नंतर सांगितलं तेव्हा तिनं खरंच आईला एक चापट मारली आणि लगेच म्हणाली, “परत धर.”

ऊन चढायला लागलं तेव्हा हुबळीकडच्या बायकांचा एक घोळका आला. सगळ्या साड्यांत, लाट आली की किंचाळून मागे पळणाऱ्या. त्यांच्यातली एक जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याची बाई सरळ आत्याकडे आली आणि कन्नडमध्ये विचारलं, हे कपडे कुठं मिळतात?

“मिळत नाहीत,” आत्या म्हणाली. “मी शिवते.”

त्या बाईनं आत्याच्या कुडत्याची चीर उचलून बघितली, काखेतला तुकडा बघितला. “माझ्या मापाचा होईल?”

“कुणाच्याही मापाचा होतो.”

टेप नव्हता. आत्यानं सुरूच्या सावलीत तिला उभं केलं आणि वितीनं मापं घेतली, मग दुसरीची, मग तिसरीची. मी बाजूला उभी राहून पाठ करत होते. ओल्या कपड्यांत, केसांतून पाणी गळत असताना, आत्या प्रत्येकीला म्हणत होती, हात वर करा, आता हवेत फिरवा. आणि कारवारच्या किनाऱ्यावर हुबळीच्या बायका ओळीनं हवेत पोहत होत्या. अप्पा साड्यांवर बसून बघत होते. हळूच मला म्हणाले, “ठाण संपणार बघ आता.” इतके खूश ते मला त्या सहलीत पहिल्यांदाच दिसले.

ठाण संपलंच. त्या बायकांचे कपडे पार्सलनं गेले. मग आमच्या गल्लीत बातमी पसरली. आमच्या विठ्ठलाच्या देवळातल्या भजनी मंडळाच्या बायका सहलीला निघाल्या तेव्हा त्यांनी आत्याकडून बारा-पंधरा शिवून घेतले, वेगवेगळ्या रंगांचे. गल्लीत त्याला कारवार ड्रेस म्हणायचे. कुणी विहिरीत पोहायला घालायचं, कुणी टी. नरसीपूरला संगमावर आंघोळीला. एका वयस्क बाईंनी तर तो नुसता घरी घालायला शिवून घेतला, म्हणाल्या यात उठबस सोपी जाते. आईनं मला आणि भावाला पोहायला शिकवलं, आणि मग गल्लीतल्या ज्या मुलींच्या आया हो म्हणाल्या त्यांना. अप्पांना मात्र काही जमलं नाही. त्यांनी प्रयत्नही केला नाही. किनाऱ्यावर सामान राखणं हे त्यांनी आपलं काम मानलं होतं.

त्यानंतर दर एप्रिलला आम्ही कुठल्या ना कुठल्या समुद्रावर गेलो. एका वर्षी ड्रायव्हरनं परमिट काढलं आणि गोवा झाला. मग कण्णूर, मग कोळिकोड. आत्या शेवटपर्यंत येत राहिली. पुढं तिचे गुडघे गेले, तेव्हा ती वाळूत खुर्ची टाकून पाय पाण्यात सोडून बसायची आणि येणाऱ्या जाणाऱ्यांच्या कपड्यांची शिलाई कशी चुकलीय ते आम्हाला सांगायची. ती गेली त्या वर्षी आम्ही कुठं गेलो नाही.

भाऊ आता हेब्बाळला एका कंपनीत आहे. मागं त्यानं सगळ्यांना केरळात कोवळमला नेलं. आई सत्तरीची. दुकानातून आणलेला रीतसर पोहण्याचा पोशाख तिला नातीनं घेऊन दिला होता, तिला तो आवडलाही. किनाऱ्यावर लाल टोपीवाले रक्षक होते, पाण्यात कुठंपर्यंत जायचं त्याची निशाणं लावली होती. आई निशाणापर्यंत गेली. मग निशाणाच्या पलीकडे गेली. रक्षकानं शिट्टी वाजवली. तिनं मागं वळून बघितलं. रक्षक पाण्याच्या कडेला येऊन जोरजोरात हात हलवत होता, “अम्मा! अम्मा!” ओरडत होता.

आईला वाटलं तो कौतुक करतोय. तिनं पाण्यातून एक हात वर काढला, त्याच्याकडे बघून हलवला, आणि तशीच पुढं गेली. शेवटी भाऊ पोहत जाऊन तिला घेऊन आला. रक्षक तरुण होता, बोलायचं म्हणून तोंड उघडलं त्यानं, पण समोर एवढी वयस्क बाई निथळत उभी, आणि हसतेय. त्यानं नुसतं विचारलं, “अम्मा, व्हेअर फ्रॉम?”

“म्हैसूर,” आई म्हणाली. आणि टॉवेल शोधायला लागली.